कारणाचा रकाना

इचिकावा, ३ मार्च २०२४

प्रिय आत्या,

फोन करण्यात अर्थ नाही हे मागच्या दिवाळीत कळलं. मी अर्धा तास ओरडत होते आणि तू प्रत्येक वाक्यावर "हो, पाऊस बरा झाला" म्हणत होतीस. कानाला काही न लावता तीस वर्षं कॉलेजच्या पोरींना गोळीबार शिकवलास, त्याचं हे बक्षीस. म्हणून पत्र लिहिते. तेवढंच माझं मराठी अक्षरही जिवंत राहील.

सरळ मुद्द्यावर येते. मला बंदूक घ्यायची आहे.

माझा बाइतो, म्हणजे पार्टटाइम काम, स्टेशनजवळच्या सुपरमार्केटच्या किचनमध्ये आहे हे तुला माहीत आहे. आठवड्याला अठ्ठावीस तास मी कोबी कापते. एक मिनिट जास्त चालत नाही, कारण माझ्या व्हिसावर "डिपेंडंट" लिहिलंय. तिथे माझ्याबरोबर मिझुनो-सान नावाची बाई आहे. तिचे वडील नेमबाज. गेल्या महिन्यात ती मला त्यांच्या रेंजवर घेऊन गेली. नवख्यांसाठी तिथे प्रकाशाच्या किरणाने नेम धरायची रायफल असते, गोळी नाहीच. मी म्हटलं, एक फेरी करून बघते.

आत्या, तेवीस वर्षांनी रायफल खांद्याला लावली आणि कोपर, गाल, श्वास सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. दहापैकी चार मध्यावर. मिझुनो-सानच्या वडिलांनी विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या आत्याने, मिरजेला. त्यांना मिरज कुठे ते कळलं नाही, पण तुला त्यांनी मान लववून नमस्कार सांगितलाय.

सारंगला सांगितलं. तो सोमवार ते शुक्रवार कोबेला क्लायंटकडे असतो, त्यामुळे आमची भांडणं शनिवारी होतात. या शनिवारी म्हणाला, "नेत्रा, तुला वेड लागलंय का? योगा कर ना." मी बेचाळीस वर्षांची आहे, बारा वर्षं जपानमध्ये आहे, आणि मला योगा करायचा नाही.

तुझ्याकडे त्र्याण्णवपासून सेमी-ऑटोमॅटिक आहे. मला सांग, पहिली बंदूक निवडायची तर काय बघू?

तुझी,
नेत्रा


मिरज, २२ मार्च २०२४

चि. नेत्रा,

आशीर्वाद नेहमीचे आहेत, त्यात शाई घालवत नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मी माझी रायफल पोलीस ठाण्यात जमा करून आले. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं जमा, दर निवडणुकीला हाच सोहळा. या खेपेचा फौजदार अगदी पोरगेलासा. मला म्हणतो, "आजी, या वयात कशाला ठेवता?" मी विचारलं, "तुझं वय किती?" म्हणाला, "सत्तावीस." म्हटलं, "ही एकतीस वर्षांची आहे. मोठ्या माणसाला धरतात तशी धर." दोन हातांनी धरून आत घेऊन गेला.

आता तुझं. घ्यायची तर सेमी-ऑटोमॅटिकच घे, बावीस बोअरची. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे-पुढे करायचा म्हणजे खांदा हलतो, नजर सुटते, मांडलेला सगळा डाव मोडतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एक गोळी सुटली की पुढची आपोआप चेंबरमध्ये येऊन बसते. तू फक्त ट्रिगर दाबायचा. मॅगझिन दहाचं पुरे. शिवाय एका खर्चात दोन कामं होतात, रविवारी टार्गेट आणि बाकीचे सहा दिवस घराची राखण. राखणीचं तुला मी वेगळं काय सांगणार? दोन हजार नऊ साली मागच्या दारातून दोघं आत शिरले आणि मी हवेत एक गोळी झाडल्यावर कुंपणावरून कसे गेले, ते तू शंभरदा ऐकलं आहेस.

अर्जात कारणाचा रकाना असतो. तिथे "आत्मसंरक्षण व घराचे रक्षण" हे पहिलं लिही, खेळ दुसरा. खेळ म्हटलं की साहेब लोकांना वाटतं बाईला विरंगुळा हवाय. संरक्षण म्हटलं की कागद पुढे सरकतो. माझा तसाच सरकला होता.

सारंगरावांना सांग, योगा मीही करते. रोज सकाळी. त्याने नेम सुधारतो.

आत्या


इचिकावा, २१ एप्रिल २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग ते कपाटात खोल ठेवून दिलं. इथल्या पोलिसांच्या हाती पडलं असतं तर आपल्या दोघींची चौकशी झाली असती.

इथला प्रकार ऐक. आधी दिवसभराचा वर्ग आणि शेवटी लेखी परीक्षा, सगळं जपानीत. मी दीड महिना कोबी कापता कापता नियम पाठ केले. वर्गात शिकवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच तासाला फळ्यावर दोनच शब्द लिहिले, शिकार आणि नेमबाजी. म्हणाले, बंदूक मागायची एवढीच कारणं आहेत. माझ्या पुढच्या बाकावरच्या तरुणाने हात वर करून विचारलं, "आणि घरात चोर शिरला तर?" गृहस्थ म्हणाले, "तुमच्या मनात ते असेल तर आजच घरी जा." माणसाच्या विरोधात बंदूक वापरायचा विचार जो बोलून दाखवतो, त्याला परवाना मिळत नाही. तुमच्याकडे ज्या वाक्याने कागद पुढे सरकतो ना, त्याच वाक्याने इथे तो कायमचा बंद होतो.

आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफल पहिली म्हणून मिळतच नाही. आधी दहा वर्षं छर्ऱ्याची बंदूक बिनतक्रार सांभाळायची, मग रायफलसाठी अर्ज करायचा, तोही शिकारीच्या नावाने. दहा वर्षांनी मी बावन्नची होईन आणि मला डुकरं मारायची नाहीत. म्हणून ठरवलं, हवेच्या दाबाची एअर रायफल. एका वेळी एक शिशाची गोळी, हाताने भरायची. घरात भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट हवं, गोळ्यांची पेटी त्याहून वेगळी. डॉक्टरचा दाखला, घरच्यांची चौकशी, शेजाऱ्यांची चौकशी. परीक्षेत मी पास झाले. शंभर माणसांत चार बायका होत्या आणि परदेशी मी एकटी.

सारंग वेगळ्याच काळजीत आहे. आमचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज फेब्रुवारीपासून सरकारदरबारी पडून आहे. त्याला वाटतं, बायको बंदूक मागते हे कुणी त्या फाइलमध्ये जोडलं तर सगळं मुसळ केरात. "अर्ज मागे घे, पीआर मिळाल्यावर बघू," म्हणतो. मी विचारलं, तेव्हा आपल्या लेकीची, मैत्रेयीची दहावी असेल, मग तिचं कॉलेज असेल, मग बघणार कोण? नाही म्हटलं. चार शनिवार तो माझ्याशी बोललेला नाही.

एक चांगलं झालं. माझे सासरे ठाण्याहून काही महिन्यांसाठी आलेत. प्रकाश बाबांना तू लग्नात भेटली आहेस, बँकेतले. ते आधी बिचकले. मग मी त्यांना तुझा हवेत गोळी झाडल्याचा किस्सा सांगितला आणि गृहस्थ खूश. "तुमच्या घराण्यात ते आहे तर," म्हणाले. आता रोज चहाच्या वेळी विचारतात, बंदूक कधी येणार?

तुझी,
नेत्रा


मिरज, ११ मे २०२४

चि. नेत्रा,

हवेची बंदूक. जत्रेत फुगे फोडायला असते ती. चांगली मुलगी होतीस, देशाने बिघडवली.

असो. रागावून झालं. दोन दिवस विचार केला आणि जरा लाज वाटली, कारण जगातल्या मोठमोठ्या स्पर्धा त्याच बंदुकीवर होतात हे मला ठाऊक आहे. मी पोरींना सुरुवात त्यावरच करून देत असे. तर आता कामाचं लिहिते, नीट वाच.

रायफल डोळ्यांनी निवडू नको, गालाने निवड. दुकानात डोळे मिटून ती खांद्याला लाव, गाल टेकव आणि मग डोळे उघड. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आपोआप नजरेत आली तर ती बंदूक तुझी. मान वाकवावी लागली तर कितीही देखणी असो, परत ठेव. दस्ता लांबीला कमी-जास्त करता येणारा हवा, कारण सगळ्या बंदुका सहा फुटी पुरुषांच्या मापाने बनतात आणि आपण नाही त्या मापाच्या. वजन साडेचार किलोपर्यंत. तुझा डावा गुडघा दुखतो तर उभ्याने सराव निम्माच कर. ट्रिगर हलका हवा पण इतका नको की तुझ्या आधी त्याचंच मन ठरेल.

एक मात्र सांगते. तू तिथल्या लोकांपुढे फार वाकते आहेस असं मला वाटतं. घराची राखण करणं हा गुन्हा झाला का? नवरा पाच दिवस परगावी, घरात वयात येणारी मुलगी. मनातून तुलाही तेच हवंय, फक्त बोलायला घाबरतेस. घाबरू नको. मी तरी आयुष्यात कारणाच्या रकान्यात खोटं लिहिलं नाही.

सारंगराव बोलत नसतील तर बरंच आहे, सरावाला शांतता लागते.

आत्या


इचिकावा, ३० जून २०२४

आत्या,

अर्ज बुडाला. बुडाला म्हणजे जवळजवळ.

गेल्या मंगळवारी पोलिसांच्या परवाना विभागातले होशिनो-सान घरी आले. पन्नाशीचे, हळू बोलणारे, दारात बूट काढून ते बाहेरच्या दिशेला वळवून ठेवणारे. आधी शेजारी गेले. ओकुदा-सान म्हणून आमच्या खालच्या मजल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई आहेत, बारा वर्षांत माझ्याशी हवामानापलीकडे बोललेल्या नाहीत. त्यांनी काय सांगितलं माहीत आहे? "या बाईंचा कचरा बारा वर्षांत एकदाही चुकीच्या दिवशी आला नाही. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं. यांना काय हवं ते द्या." होशिनो-सान मला हे सांगताना हसले. कपाट पाहिलं, हलवून पाहिलं, भिंतीतले स्क्रू मोजले. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग त्यांनी विचारलं, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलू का? बाबा तयारच होते. इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून बसलेले. त्यांना जपानी येत नाही, होशिनो-सानना इंग्रजी येत नाही, आणि माझ्या बाबतीतला जबाब मीच भाषांतरित करणं नियमात बसत नाही. म्हणून मैत्रेयीला बसवलं. बारा वर्षांची आहे, मी मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते. पण त्या दिवशी तिने आजोबांचा एक शब्द गाळला नाही.

होशिनो-साननी विचारलं, "सूनबाईंना बंदूक कशासाठी हवी आहे, असं तुम्हाला वाटतं?"

बाबा ताठ बसले. म्हणाले, "माझा मुलगा आठवड्याचे पाच दिवस घरी नसतो. घरात ही आणि माझी नात. उद्या कुणी आत शिरलं तर? हिच्या आत्याने अशाच प्रसंगी गोळी झाडून दोघा चोरांना पळवून लावलं आहे. ही त्याच रक्ताची आहे. हिच्या हातात बंदूक असली की मी ठाण्याला निर्धास्त झोपेन. हे सगळं लिहून घ्या म्हणावं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मैत्रेयीला गप्प करता येत नव्हतं. केलं असतं तर अजूनच संपलं असतं. तिने सगळं सांगितलं, शाळेत कविता म्हणतात तसं, सावकाश आणि स्पष्ट. होशिनो-साननी लिहून घेतलं, आणि पेनाला टोपण लावलं.

जाताना मला जिन्यात म्हणाले, "नेत्रा-सान, अर्ज नामंजूर झाला तर ती नोंद कायम राहते. स्वतःहून मागे घेतलात तर नोंद राहत नाही. जुलैअखेरपर्यंत ठरवा." वाईट हेतूने नाही सांगितलं, उलट दया दाखवत होते. तेच मला सहन झालं नाही.

सारंगला कळल्यावर त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "देवानेच केलं. आता मागे घे. नाहीतर मला विचारायला आले की मी सांगेन, माझा विरोध आहे." मी म्हटलं, "सांग. पण स्वतः समोर बसून सांग, आणि का ते पण सांग." तो पुन्हा गप्प.

बाबांना अजून कळलेलं नाही की त्यांनी काय केलं. सांगायचा मला धीर नाही. माझ्या बाजूने बोलणारा घरातला तो एकच माणूस.

आणि मला राग कुणाचा आला सांगू? तुझा. तुझ्या त्या गोळीचा. तू लिहिलंस ना, मनातून मलाही घराची राखणच हवी आहे म्हणून? नाही, आत्या. मला घर राखायचं नाही. बारा वर्षं घरच राखते आहे. प्रत्येक फॉर्मवर मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई. आयुष्यात एक तास मला असा हवाय की समोर दहा मीटरवर एक कागद आहे, हातात एक गोळी आहे, आणि ती कुठे गेली याला दुसरं कुणी जबाबदार नाही. एवढंच कारण आहे. ते तुलाही खरं वाटलं नाही, तर होशिनो-सानना कसं वाटेल?

अर्ज मी मागे घेणार नाही. नामंजूर झाला तर होऊ दे.

नेत्रा


मिरज, १२ जुलै २०२४

चि. नेत्रा,

हे स्पीड पोस्टने पाठवते आहे. वेळेत पोचलं नाही तर माझं नशीब.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू माझ्यावर रागावलीस ते योग्यच आहे, पण कशासाठी रागवायला हवं ते तुला अजून माहीत नाही. ते सांगते. पंधरा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

मी गोळी झाडलीच नाही.

त्या दिवशी रायफल माझ्याकडे नव्हती. दोन हजार नऊचा ऑक्टोबर होता, विधानसभेची निवडणूक होती. पंधरा दिवस आधीच मी ती ठाण्यात जमा केली होती. पोलिसांच्या कुलपात होती ती. भर दुपारी मी जेवून पडले होते. मागच्या दाराची कडी वाजली, दोघांचं कुजबुजणं ऐकू आलं. तेव्हा माझे कान थोडे शाबूत होते. बाथरूममध्ये जाऊन कडी लावावी असं वाटलं, आणि अर्धी वाट गेलेही.

मग काय झालं कोण जाणे, तोंडातून रेंजवरचा हुकूम बाहेर पडला. तुला आठवतो ना माझा परेडचा आवाज? "डिटेल नंबर एक, लोड!" आणि मग, "डिटेल नंबर दोन, लोड!" जणू आत माझ्या वीस पोरी दोन तुकड्यांत पालथ्या पडून नेम धरून आहेत. "फायर" म्हणायची वेळच आली नाही. त्यातला एक कुंपणाच्या तारेत पायजमा फाडून गेला.

संध्याकाळी शेजारी जमले. कुणीतरी म्हणालं, बाईंकडे रायफल आहे, झाडली असेल. मी नाही म्हटलं नाही. त्या वेळी नुकताच लक्ष्मीकांतने, तुझ्या वडिलांनी, हट्ट धरला होता की एकटी राहू नको, बंगला विक, पुण्याला ये. रायफलने चोर पळवणाऱ्या बाईला कुणी पुण्याला ने म्हणत नाही. ओरडून पळवणारीला म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या तोंडाने "झाडली" म्हटलं, आणि पुढे पुढे मला आवाजही ऐकू येऊ लागला.

म्हणजे मागच्या पत्रात रकान्यात खोटं लिहिलं नाही असं जे म्हटलं, तेही खोटंच. एकतीस वर्षांत त्या रायफलीने घराचं काही राखलेलं नाही. ती पत्र्याच्या ट्रंकेत, गोळ्या दुसऱ्या खोलीत, ट्रंकेची किल्ली देव्हाऱ्यात. तिने फक्त कागदाला भोकं पाडली, आणि ती मी फार सुंदर पाडली. तेवढंच कारण होतं माझंही. ते लिहायची हिंमत नव्हती. बाईमाणसाने नुसतं स्वतःला आवडतं म्हणून बंदूक मागावी, हे त्र्याण्णव साली कुणी ऐकून घेतलं नसतं.

हे पत्र त्या होशिनोंना दाखव. मराठीत असलं तरी सही खरी आहे. आणि प्रकाशरावांनाही सांग. त्यांचा काही दोष नाही, मी जे पेरलं ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

अर्ज मागे घेतलास तर माझं तोंड बघू नकोस.

आत्या


इचिकावा, २५ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र बावीस जुलैला मिळालं. सुपरमार्केटच्या एप्रनमध्येच जिन्यात बसून वाचलं. ओकुदा-सान वर जात होत्या, त्यांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, फार बरं आहे.

आधी बाबांना सांगितलं, सगळं. ते जाण्याच्या तीन दिवस आधी. म्हणाले, "म्हणजे मी बोललो म्हणून अडलं?" हो म्हटलं. खोटं बोलायचं आता मनात नव्हतं. ते उठून बाल्कनीत गेले, परत आले आणि म्हणाले, "मग मला परत घेऊन चल तिकडे. चुकीची नोंद दुरुस्त करायला बँकेतही स्वतः यावं लागतं."

तर आम्ही गेलो, पोलीस ठाण्यात, सव्वीस जुलैला. या वेळी मैत्रेयी नको म्हणून मिझुनो-सानच्या ओळखीचे एक दुभाषे घेतले. बाबांनी उभं राहून सांगितलं की मागचं बोलणं त्यांच्या स्वतःच्या मनातलं होतं, सुनेने तसं कधी म्हटलेलं नाही, आणि ज्या गोष्टीवर ते विसंबले ती घडलीच नव्हती.

मग मी तुझं पत्र होशिनो-सानपुढे ठेवलं आणि त्यांना जपानीत वाचून दाखवलं. दुभाषे तपासत होते. रायफल पोलिसांच्याच कुलपात होती इथे आल्यावर होशिनो-साननी हात वर करून थांबवलं. ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या पोलीसबाईने काम थांबवलं होतं.

त्यांनी विचारलं, "मग पंधरा वर्षं सगळं घर बंदुकीची गोष्ट का सांगत राहिलं?"

मी म्हटलं, "कारण बंदुकीने घर वाचलं हे ऐकायला सगळ्यांना आवडतं. बाईच्या आवाजाने वाचलं हे ऐकायला कुणाला आवडत नाही."

"आणि तुमच्या घरी कुणी शिरलं तर?"

"मुलीला घेऊन बाहेर पडेन, ओरडेन, तुम्हाला फोन करेन. तोपर्यंत रायफल कपाटात राहील. त्या रायफलीला यातलं काही कळणार नाही."

त्यांनी कारण विचारलं. मी तुला लिहिलं होतं तेच सांगितलं. दहा मीटर, एक कागद, एक गोळी, आणि जबाबदार मी. म्हटलं, यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही आणि मी ते शोधणारही नाही. नामंजूर करायचा तर याच कारणावर करा.

ते म्हणाले, "पतींशी बोलावं लागेल."

सारंगला बोलावलं. तो कोबेहून सुटी टाकून आला. आत एकटा गेला, मी बाहेर बाकावर. चाळीस मिनिटं. आत्या, मला खात्री होती की संपलं. तो बाहेर आला, आम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलो. फलाटावर उभं राहिल्यावर म्हणाला, "मी सांगितलं, माझा विरोध आहे."

मी म्हटलं, "बरं."

"पीआरच्या भीतीने आहे असंही सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, नियमाने वागणाऱ्या अर्जदाराची त्यात काही हानी नाही. मग विचारलं, घरात भांडणं होतात का. मी हो म्हटलं. विचारलं, ती रागीट आहे का."

"काय सांगितलंस?"

"खूप, म्हटलं. मग म्हणाले, राग आला की ती काय करते. मी म्हटलं, बोलते. समोर बसून, कारणासकट. आणि मी गप्प बसतो, महिना महिना. तेव्हा ते माझ्याकडेच बघत राहिले. तर मी म्हटलं, घरात कुणाची भीती वाटायची असेल तर तिला माझी वाटायला हवी, मला तिची नाही. हेही लिहून घ्या."

गाडी आली. मी चढले नाही, तोही चढला नाही. पुढच्या गाडीने गेलो. तो अजूनही विरोधातच आहे हो, असं समजू नकोस की विरघळला. पण आता रोज कोबेहून फोन करून विरोध करतो.

परवाना वीस ऑगस्टला मिळाला. छोटी वही आहे. आत माझा फोटो, माझं नाव, माझी जन्मतारीख, रायफलीचा नंबर. नवऱ्याचं नाव लिहायला त्यात जागाच नाही. मी उलटसुलट करून पाहिलं. उद्देश या शब्दापुढे एकच गोष्ट छापली आहे, नेमबाजी.

रायफल गालाने निवडली. तिसरी होती. दुकानदार पहिली दोन जास्त चांगली आहेत असं पटवत होता.

काल रेंजवर गेले. एक गोळी भरली, श्वास सोडला, झाडली. सात.

बाबांना ठाण्याला फोन करून सांगितलं. त्यांना भारी आनंद झाला. म्हणाले, "पहिलीच गोळी, वा. सात काय सांगायचं लोकांना, मी दहा सांगतो." मी म्हटलं, "बाबा, सात सांगा." ते म्हणाले, "अगं, कोण बघायला येतंय?" मी म्हटलं, "कुणी नाही. सातच सांगा."

तुझी,
नेत्रा